न बोलणारं चित्र : वासुदेव गायतोंडे आणि आपला चित्रकलेचा तास



आज एका चित्रकाराची ओळख करून घेऊ या. त्यांच्या चित्रात घर नाही, झाड नाही, माणूस नाही. तरीही जगभरातील लोक त्या चित्रांसमोर अर्धा-अर्धा तास गप्प उभे राहतात. या चित्रकाराचं नाव वासुदेव संतू गायतोंडे. "प्राथमिक शाळेत असल्या अवघड चित्रांचं काय काम?" असा प्रश्न मनात येईल. मलाही आला होता. त्याचं उत्तर मला एका चुकीतून मिळालं. ती चूक माझीच होती, म्हणून आधी ती सांगते.

माझी चूक

मागच्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. शनिवारी चित्रकलेच्या तासाला मी फळ्यावर विषय लिहिला, 'माझ्या घराजवळचे दृश्य'. सगळ्यांनी ठरलेलं चित्र काढलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नदी, नदीकाठी नारळाची दोन झाडं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात नारळाच्या बागा कुठे आहेत? उन्हाळ्यात नदीत पाणी तरी कुठे असतं? पण पोरं तेच काढतात, कारण आम्हीही लहानपणी तेच काढलं आणि आता तेच शिकवतो.

एका मुलीने मात्र पूर्ण कागद राखाडी रंगाने भरला होता. वरच्या बाजूला फिकट, खाली खाली गडद. मध्येच एक तांबूस पट्टा. बाकी काही नाही.

मी विचारलं, "हे काय काढलंस?" ती काही बोलली नाही. मी म्हणाले, "असं नसतं काढायचं. कागद वाया घालवलास. दुसऱ्या कागदावर नीट काढ बरं." तिने शेजारच्या मुलाच्या कागदाकडे बघून डोंगर, सूर्य आणि नारळाची दोन झाडं काढली. मी त्यावर 'छान' असा शेरा दिला.

पंधरा दिवसांनी पालक सभा झाली. तिची आई आली होती. बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, शेतात बोअर घेतला होता. साडेपाचशे फूट गेलो, नुसता फुफाटा निघाला. लेकरू दिवसभर तिथंच उभं हुतं बघत."

मला एकदम तो राखाडी कागद आठवला. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून बोअर जातो तेव्हा वर येणारी भुकटी राखाडीच असते, मध्येच कधी तांबड्या मातीचा थर लागतो. पोरीने घराजवळचं दृश्यच काढलं होतं. सगळ्या वर्गात तेवढं एकच खरं दृश्य होतं आणि तेच मी बाद केलं होतं. मी कागदांचा गठ्ठा तीनदा शोधला, तो कागद सापडला नाही. "पुन्हा काढशील का?" असं तिला विचारलं, तर तिने पुन्हा झोपडी आणि नारळच काढला. त्यानंतर मी अमूर्त चित्रांविषयी मिळेल ते वाचायला लागले आणि गायतोंडे भेटले.

अमूर्त चित्र म्हणजे काय?

ज्या चित्रात ओळखीची वस्तू दिसते त्याला मूर्त चित्र म्हणतात, उदा. बैल, मंदिर, माणसाचा चेहरा. ज्यात ओळखीची वस्तू नसते, फक्त रंग, पोत, आकार, प्रकाश आणि अवकाश असतो, ते अमूर्त चित्र.

हे वाटतं तितकं परकं नाही. गाण्याचंच बघा. गवई आलाप घेतो तेव्हा त्यात शब्द नसतात, तरी आपण "याचा अर्थ काय?" असं विचारत नाही. सूर आत कुठे तरी लागतो, एवढं पुरतं. रंगाचंही तसंच होऊ शकतं. फरक इतकाच, की कानाला आपण ही मोकळीक देतो आणि डोळ्याला देत नाही.

गायतोंडे यांना स्वतःच्या चित्रांसाठी 'अमूर्त' हा शब्द फारसा पसंत नव्हता. अमूर्त म्हणजे एखाद्या वस्तूचं रूप बदलत बदलत, गाळत गाळत केलेलं चित्र असा अर्थ निघतो. त्यांच्या चित्रांचा आरंभच वस्तूपासून होत नव्हता. म्हणून ते 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाचा शब्द वापरत.

जीवन परिचय

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. कुटुंब मूळचं गोव्याचं. पुढे ते मुंबईत गिरगावातील चाळीत राहिले. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयातून त्यांनी १९४८ साली पदविका मिळवली.

तो काळ मोठा गडबडीचा होता. देशाला नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं. १९४७ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा ही त्यातली मोठी नावं. गायतोंडेही पुढे या गटात आले. पण गटात असूनही ते आपल्या जागी एकटेच राहिले.

सुरुवातीला त्यांनी माणसांची चित्रं काढली. भारतीय लघुचित्रांचा त्यांनी अभ्यास केला होता. पुढे पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या कामाचा प्रभाव पडला. हळूहळू माणसं गेली, रेषा कमी झाल्या आणि शेवटी रंग व प्रकाश उरला. हा बदल एका रात्रीत झाला नाही, त्याला जवळपास दहा वर्षं लागली. पालकांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. अमूर्त चित्र काढणाऱ्याला 'नीट' चित्र काढता येत नाही म्हणून तो तसं काढतो, हा समज चुकीचा आहे.

मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांचा स्टुडिओ होता. त्याच संस्थेत पंडित रविशंकर संगीत शिकवत आणि इब्राहिम अल्काझी नाटकाच्या तालमी घेत. जवळच समुद्र होता.

काही महत्त्वाचे टप्पे असे :

१९५७ – टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात पुरस्कार
१९६४ – रॉकफेलर शिष्यवृत्ती, न्यूयॉर्कला प्रयाण
१९७१ – पद्मश्री
१९७२ – मुंबई सोडून दिल्लीत स्थायिक
१९८९ – मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान
१० ऑगस्ट २००१ – निधन

दिल्लीत निजामुद्दीन पूर्व भागात गच्चीवरच्या एका छोट्या जागेत ते राहत. लग्न केलं नाही. सामान मोजकं, भेटीगाठी मोजक्या. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. त्यानंतर मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून काम करणं कठीण झालं. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान लहान रेखाटनं केली. हात थांबला तरी पाहणं थांबलं नाही, असं मला ते वाचताना वाटलं.

ते चित्र कसं करत?

आपल्याला वर्गात उपयोगी पडणारा भाग हाच आहे. म्हणून थोडं सविस्तर बघू या.

१) वाट पाहणे : गायतोंडे वर्षाला साधारण पाच-सहा चित्रंच करत. बराच वेळ नुसतं बसून राहणं, पाहणं, मनात चित्र पिकू देणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता.

२) थर देणे : कॅनव्हासवर तैलरंगाचे पातळ थर एकावर एक देत. खालचा थर वरच्यातून दिसत राही. त्यामुळे चित्राच्या आतून उजेड येतोय असं वाटतं.

३) ब्रशऐवजी रोलर आणि सुरी : रंग पसरवायला रोलर आणि रंग सारखा करायला किंवा खरवडून काढायला पॅलेट नाइफ.

४) रंग उचलणे : कागदाचे फाडलेले किंवा कापलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. रंग लावून चित्र होतं हे आपल्याला माहीत असतं. इथे रंग काढूनही चित्र होतं.

५) नाव न देणे : त्यांच्या बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. नाव दिलं की बघणारा चित्रात तेच शोधत बसतो. अनेक चित्रांवरची सहीसुद्धा समोर नाही, मागच्या बाजूला आहे.

मौन आणि अध्यात्म

गायतोंडे यांना जपानमधील झेन विचाराची ओढ होती. रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीला राहत, विडीचं दुकान चालवत आणि घरी येणाऱ्यांशी मराठीतून बोलत. रमण महर्षी तर अनेकदा मौनातूनच शिकवत. अशा माणसांची ओढ असलेला चित्रकार चित्रात देवादिकांच्या मूर्ती काढेल असं आपल्याला वाटतं. पण गायतोंडे यांच्या चित्रात ना देव आहे, ना ॐ, ना स्वस्तिक. त्यांचं अध्यात्म कामाच्या पद्धतीत होतं. घाई करायची नाही, जास्त बोलायचं नाही, 'मी, माझं' मध्ये आणायचं नाही आणि जेवढं करायचं तेवढं मन लावून करायचं.

हे समजायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात तेरणेकाठी तेर आहे, संत गोरोबाकाकांचं गाव. गोरोबाकाकांनी मडकी थापटण्याच्या थापटण्याने संतांची डोकी थापटून कोण कच्चा, कोण पक्का हे पाहिलं आणि नामदेव कच्चे ठरले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतोच. कुंभार मडक्यावर बोट वाजवतो तेव्हा तो मडक्याचा आवाज ऐकतो. माती मळायला वेळ लागतो, सुकायला वेळ लागतो, भाजायला वेळ लागतो. एक दिवस आधी आव्यात घातलं तर मडकं तडकतं. गोरोबाकाकांची भक्ती त्या मळण्या-थापण्यातून वेगळी काढता येत नाही. गायतोंडे यांचंही तसंच आहे. त्यांचं ध्यान आणि रंगाचा थर वाळायची वाट पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

मोठा चित्रकार कशावरून?

पालक आणि मोठी मुलं हे विचारणारच. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं १९६२ मधील चित्र आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही त्यांची चित्रं आहेत. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचं १९७९ मधील एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकलं गेलं.

ही रक्कम मी मुलांना सांगितली नाही, पण कुणी तरी मोबाइलवर पाहून आलंच. मग सगळा वर्ग पैशांवरच बोलत बसला. म्हणून एक सूचना करते. किंमत सांगायचीच असेल तर शेवटी सांगा आणि सोबत हेही सांगा, की त्या वेळी चित्रकार जाऊन बारा वर्षं झाली होती आणि हयातभर ते एका लहानशा जागेत साधेपणाने राहिले.

मराठी मुलखात या वाटेवर गायतोंडे एकटे नव्हते. शंकर पळशीकर, प्रभाकर बरवे, प्रभाकर कोलते यांनीही अमूर्ताकडे झुकणारं मोठं काम केलं. पळशीकर आणि कोलते हे तर आपल्यासारखेच शिक्षक. दोघांनीही ज. जी. मध्ये अनेक वर्षं शिकवलं. बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक चित्राची आवड असणाऱ्या शिक्षकांनी जरूर वाचावं.

वर्गातील उपक्रम

हा उपक्रम मी 'आनंददायी शनिवार'च्या दोन तासिकांमध्ये घेतला. तिसरी ते पाचवीसाठी योग्य आहे.

साहित्य : जाड कागद किंवा जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू, गेरू, कोळशाची पूड, खडूची पूड, हळद, थोडा डिंक, पाणी, जुनी वर्तमानपत्रं, पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे आणि त्यावर गुंडाळायला सुती चिंधी (हा आपला रोलर). टीप : चुना वापरू नका, डोळ्यांत गेला तर इजा होते.

पायरी १ – पाहणे (१० मिनिटे) : मुलांना वर्गाबाहेर न्या. प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची. पोपडे आलेली भिंत, हौदाच्या आतली बाजू, बाभळीची साल, खापराचा तुकडा. तीन मिनिटं न बोलता फक्त बघायचं. पहिल्या मिनिटात खुसखुस होते. होऊ द्या, रागावू नका. दुसऱ्या मिनिटाला आपोआप शांत होतात.

पायरी २ – पहिला थर (१० मिनिटे) : परत येऊन एकच रंग निवडायचा. डिंकाच्या पाण्यात कालवून रोलरने संपूर्ण कागदावर पातळ पसरवायचा. नंतर वाळू द्यायचा. वाळेपर्यंत गप्प बसायचं किंवा कागदाकडे बघायचं. सगळ्यात अवघड पायरी हीच.

पायरी ३ – दुसरा थर आणि उचलणे (१५ मिनिटे) : दुसरा रंग अर्ध्या भागावर. ओला असतानाच वर्तमानपत्राचा फाडलेला तुकडा ठेवून दाबायचा आणि हलकेच उचलायचा. खालचा रंग वर येतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पायरी ४ – थांबणे : "झालं" हे मुलाने स्वतः ठरवायचं. आपण "अजून थोडं कर" किंवा "आता पुरे" असं म्हणायचं नाही.

पायरी ५ – बोलणे : चित्र भिंतीवर लावा. नावं मागे लिहायला सांगा. मग विचारा.

काय विचारू नये, काय विचारावे?

"हे काय आहे?" हा प्रश्न टाळा. या प्रश्नात 'काही तरी असायलाच पाहिजे' असा दम असतो आणि लेकरू घाबरून नारळाचं झाड काढतं.

त्याऐवजी असं विचारा :

– यातल्या कुठल्या जागी तुझी नजर पुन्हा पुन्हा जाते?
– आधी कुठला रंग दिलास? तो आता कुठे कुठे दिसतोय?
– हे चित्र मोठ्याने बोलतंय की हळू?
– काही सांगायचं असेल तर सांग. नसेल तरी चालेल.

शेवटचं वाक्य खूप महत्त्वाचं आहे. न सांगण्याचा हक्क मुलालाही असतो.

मूल्यमापन : आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंद करताना 'चित्र सुबक काढतो' एवढंच न लिहिता 'रंगाच्या छटांमधील फरक ओळखतो', 'काम पूर्ण होईपर्यंत संयम ठेवतो', 'स्वतःचा निर्णय स्वतः घेतो', 'इतरांच्या चित्राकडे लक्षपूर्वक पाहतो' अशा नोंदी करता येतात.

एक सावधानता

सगळीच मुलं या उपक्रमात रमत नाहीत. माझ्या वर्गातील दोन मुलं म्हणाली, "मॅडम, आम्हाला ट्रॅक्टर काढायचा." त्यांनी ट्रॅक्टर काढला आणि फार सुंदर काढला. अमूर्त चित्र चांगलं आणि मूर्त चित्र कमी दर्जाचं, असं आपल्याला शिकवायचं नाही. कागद मुलाचा आहे, एवढंच शिकवायचं आहे आणि तेही आधी आपण स्वतः शिकायचं आहे.

आणखी एक. त्या मुलीचा राखाडी कागद आणि गायतोंडे यांची चित्रं एकच आहेत असं मी म्हणत नाही. तिच्या कागदामागे एक कोरडा गेलेला बोअर होता, आई-बापाची काळजी होती. गायतोंडे यांचं चित्र कशाविषयी तरी नसतंच. पण दोन्हींसमोर मोठ्या माणसाने करायची गोष्ट एकच आहे. लगेच अर्थ विचारायचा नाही, जरा वेळ उभं राहायचं. त्या दिवशी मी तिच्या कागदासमोर दोन मिनिटं उभी राहिले असते, तर कदाचित ती स्वतःच बोलली असती.

या उपक्रमात तिने गेरू घेतला, वर कोळशाची पूड दिली आणि वर्तमानपत्राचा एकच लहान तुकडा उचलला. वाळेपर्यंत हाताची घडी घालून बसली. मी काही विचारलं नाही. घरी जाताना ती म्हणाली, "मॅडम, मी नाव मागं लिहिलंय." मी "बरं" म्हणाले. तो कागद या वेळी मी जपून ठेवला आहे.

मुलांसाठी प्रश्न

१) वासुदेव गायतोंडे यांचा जन्म कोठे व केव्हा झाला?
२) मूर्त चित्र आणि अमूर्त चित्र यांत काय फरक आहे? प्रत्येकी एक उदाहरण द्या.
३) गायतोंडे रंग पसरवण्यासाठी कोणती साधने वापरत?
४) त्यांनी बहुतेक चित्रांना नाव का दिले नसावे? तुमच्या शब्दांत सांगा.
५) मडके घडवणे आणि चित्र घडवणे यांत तुम्हाला कोणते साम्य दिसते?
६) घरी जाताना वाटेतील एक गोष्ट तीन मिनिटे न बोलता पाहा. काय दिसले ते आई-बाबांना सांगा. सांगावेसे वाटले नाही, तर नुसते आठवा.

पालकांना एक विनंती आहे. आज घरी मुलाने चित्र दाखवलं, तर लगेच "छान" म्हणू नका आणि "हे काय?" असंही विचारू नका. त्याच्या शेजारी बसा, चित्र हातात घ्या आणि थोडा वेळ नुसतं बघा. पुढचं तेच सांगेल.